घ्या ना वजीर, संकोच कसला!

"बुद्धिबळात वजिराचा बळी देणं म्हणजे भर दुपारी आपल्या हातानं सूर्य विझवायचा आणि उरलेल्या चांदण्यांच्या उजेडात वाट काढून दाखवायची," असं म्हणून गुळवणी मास्तरांनी वजीर उचलला, समोरच्या प्याद्याच्या थेट तोंडाशी नेऊन ठेवला आणि समाधानानं डोळे मिटले.

समोर विमा एजंट पतंगे होते. त्यांना सूर्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी वजीर खाल्ला.

मास्तरांनी डोळे उघडले. बराच वेळ पटाकडे पाहिलं. चांदण्या कुठं दिसेनात.

"ढगाळ आहे आज," असं म्हणून त्यांनी राजा आडवा केला आणि टोपी घातली.

सांगलीतलं आमचं बुद्धिबळ मंडळ तेव्हा एका हळदीच्या वखारीच्या माडीवर भरत असे. खालून सतत हळद उडायची. त्यामुळे पांढरे मोहरे दोन-तीन वर्षांत पिवळे पडत, आणि हरलेला माणूस डोळे पुसत जिना उतरला तरी त्याला कुणी हसत नसे. या सोयीचा सर्वांत जास्त लाभ गुळवणी मास्तरांनी घेतला. ते हायस्कुलात चित्रकला शिकवत. डाव जिंकण्यापेक्षा तो देखणा दिसावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. हरले की म्हणत, "रेघ छान आली होती, रंग फुटला." मी त्यांचे शेकडो डाव पाहिले असतील. वजीर दिला नाही असा एकही नाही, आणि दिलेल्या वजिराचं चीज झालं असाही एकही नाही.

"एक होऊ दे, हर्डीकर," ते जिना उतरताना मला म्हणत. "एकच. वजीर द्यायचा, समोरच्यानं तो नाइलाजानं घ्यायचा, आणि घेतल्यामुळेच मरायचं. असा एक डाव झाला की पट माळ्यावर टाकतो."

"आणि नाही झाला तर?"

"तर उद्या येतो."

असे ते वीसेक वर्षं येत होते.

त्याच सुमाराची गोष्ट. मास्तरांची वृंदा कोल्हापूरला बी.एड. करत होती, तिथं तिनं परस्पर विद्याधर बावडेकर नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला होता, नोकरीला होता, आणि मुख्य म्हणजे त्याला बुद्धिबळ येत नव्हतं. दोन्ही घरी कळवून झालं. आता राहिला होता तो फक्त रीतसर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. पण या कार्यक्रमात एक गोम होती, आणि ती सांगायला वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"भावोजी, बसा. मुलाचे वडील बुद्धिबळ खेळतात."

"वा! उत्तमच झालं."

"उत्तम काय, डोंबल! ते आधी मुलीच्या बापाशी एक डाव खेळतात, मग मुलगी बघतात. म्हणतात, पटावर माणसाचं घराणं कळतं. इचलकरंजीच्या एका मुलीच्या बापानं त्यांना हरवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जमत नाही."

"पण वहिनी, मास्तर कुठं कुणाला हरवतात?"

"तेच मी म्हणतेय. रोज जे करता तेच उद्या करा, एवढंच यांना सांगितलंय. अख्ख्या गावाला फुकट वजीर वाटत फिरता, एक मुलीसाठी वाटा!"

मास्तर खिडकीपाशी उभे होते. ते वळले नाहीत. म्हणाले, "मी मुद्दाम कधी हरलेलो नाही."

"मग मुद्दाम जिंकला होतात का कधी?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही यांच्या शेजारी बसायचं, भावोजी," वहिनी माझ्याकडे वळल्या. "चुकून हे जिंकायला लागले, की खोकायचं. पोरीनं त्या मुलाशिवाय दुसरा बघणार नाही म्हणून सांगितलंय. हे मोडलं तर ती जन्मभर बोलायची नाही आमच्याशी."

मला आजवर कुणी विश्वासानं कसलं काम दिलं नव्हतं. मी तिथल्या तिथं खोकून दाखवलं.

रविवारी दुपारी बावडेकर मंडळी आली. वडील तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, ताठ. बोलताना कालव्याचं दार हळूहळू उघडावं तसा शब्द सोडायचे. त्यांच्या पत्नी भरलेल्या, शांत, बसल्याबरोबर खुर्चीच्या होऊन गेलेल्या. विद्याधर आतल्या दाराच्या पडद्याकडे तोंड करून बसला, तो शेवटपर्यंत तसाच. पडद्याआड वृंदा होती, हे पडदा श्वास घेत होता त्यावरून कळत होतं. आतून साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास येत होता.

"मास्तर, तुमच्याबद्दल ऐकलंय," तात्यासाहेब म्हणाले. "आधी एक डाव होऊन जाऊ दे?"

"आपली आज्ञा."

टीपॉयवर पट मांडला गेला. मी मास्तरांच्या शेजारी, घसा मोकळा ठेवून.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. म्हणजे थोड्याच चालींत त्यांचा वजीर एकटाच, अनवाणी, शत्रूच्या मुलुखात जाऊन उभा राहिला. समोर प्यादं होतं. कुणीही उचलून तोंडात टाकावा असा वजीर. मी निर्धास्त झालो.

तात्यासाहेबांनी वजिराकडे पाहिलं. नाकानं लांब श्वास घेतला. आणि पटाच्या दुसऱ्याच टोकाचं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं.

मला वाटलं, मोठा माणूस आहे, काहीतरी खोल असणार. तात्यासाहेब खात्याच्या स्पर्धेत राज्यात दुसरे आले होते, असं ऐकून होतो.

मास्तरांनी वजीर उचलून घोड्यापुढं ठेवला. तात्यासाहेबांनी तो घोडा उचलून लांब नेला. मास्तरांनी वजीर उंटापुढं ठेवला. उंटानं मान फिरवली. मास्तरांच्या कपाळावर घाम दिसू लागला. अखेर त्यांना राहवेना.

"घ्या ना," ते पुटपुटले.

"नको, नको. आपलं चालू द्या."

"अहो, संकोच कसला? आपलंच घर आहे."

"पुरे झालं, खरंच," तात्यासाहेब म्हणाले, आणि आपला हत्ती मास्तरांच्या उंटाच्या वाटेत आणून ठेवला. "त्यापेक्षा हे बघा कसं वाटतं."

मास्तरांनी तो हत्ती न दिसल्यासारखं केलं. मी पंगतीत पुष्कळ आग्रह पाहिलाय. लाडू ताटात पडू नये म्हणून ताटावर आडवे झालेले लोक पाहिलेत. पण दोन थोर माणसं एकमेकांना अख्खं सैन्य वाढताहेत आणि दोघांचीही पोटं भरलेली आहेत, असा डाव मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"काय चाललंय?" बावडेकरबाईंनी मला हळूच विचारलं.

"फार खोल डाव आहे," मी म्हणालो.

"बराच वेळ चालेल?"

"अजून कुणी कुणाचं काहीच खाल्लेलं नाही."

"आम्हीही," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्चीच्या झाल्या.

आता मास्तरांनी घोडा पुढं घुसवला. तात्यासाहेबांच्या राजाला शह बसला, पण तो घोडा त्यांच्या प्याद्याच्या तोंडात होता. मारला की काम झालं. तात्यासाहेबांनी घोडा मारला नाही. राजा उचलून स्वतःच्याच कोपऱ्यात नेऊन बसवला. हत्ती त्याच्या शेजारच्या घराच्या पलीकडे, पुढं स्वतःचीच दोन प्यादी. मास्तरांनी मग वैतागून वजीर उचलला आणि पटाच्या पार डाव्या अंगाला, आणखी एका प्याद्याच्या तोंडाशी नेऊन आदळला. यापेक्षा फुकट वजीर मंडईतही मिळाला नसता. तात्यासाहेबांनी त्याच्याकडे ढुंकून न पाहता कुठलासा उंट एक घर मागं घेतला.

आणि मला ते दिसलं.

बुद्धिबळ न येणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. मास्तरांचा वजीर आता एका लांब तिरक्या रेषेवर उभा होता, आणि ती रेषा थेट राजाच्या शेजारच्या रिकाम्या घरात जात होती. वजिरानं त्या घरात उडी घ्यायची: शह! राजाला तो मारता येत नाही, कारण त्या घरावर मास्तरांच्या घोड्याची नजर. मारायला एकच जण, राजाचा हत्ती. त्याला मारावाच लागतो, दुसरी चालच नाही. आणि हत्तीनं वजीर मारला, की राजाच्या एका बाजूला स्वतःचा हत्ती, पुढं स्वतःची प्यादी, बाकी भिंत. मग घोड्यानं एकच उडी घ्यायची, हत्ती सोडून आला त्या वाटेवर. राजा आपल्याच माणसांच्या गर्दीत गुदमरून मेला.

वजीर द्यायचा. समोरच्यानं नाइलाजानं घ्यायचा. घेतल्यामुळेच मरायचं.

मी खोकलो.

मास्तर हलले नाहीत. मी पुन्हा खोकलो. मग पुन्हा. तात्यासाहेबांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढून माझ्यापुढं धरली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्या आधीच दिसलं होतं. त्यांचा चेहरा शाळेच्या सहलीत पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या मुलासारखा झाला होता. हात वजिराच्या वर, वीतभर अंतरावर थांबला होता.

"जरा पाणी पिऊन येतो," ते म्हणाले.

आत गेले. भांडं पडल्याचा आवाज आला. वहिनींचा आवाज आला, "काय झालं? जिंकताय की काय?" मास्तरांचं उत्तर ऐकू आलं नाही. बाहेर तात्यासाहेब पटाकडे बघत मिशी कुरवाळत होते आणि मला वाटलं, गालातल्या गालात हसत होते.

मास्तर परत आले. बसले. वजिराच्या तिरक्या रेषेवरून त्यांनी एकदा डोळे फिरवले. गावाहून निघताना माणूस घराकडे बघतो तसे. मग पटाच्या कडेचं एक प्यादं, ज्याचा जगात कुणाशी काही संबंध नव्हता, एक घर पुढं सरकवलं आणि हात मागं घेतला.

मास्तर गेले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मंडळानं घेतलेल्या शोकसभेत सगळे तेच बोलले: मास्तरांनी आयुष्यभर वजीर दिले, असा दिलदार खेळाडू होणे नाही. पतंग्यांनी तर बोलता बोलता डोळे पुसले. त्यांनी सर्वांत जास्त खाल्ले होते. या प्याद्याबद्दल कुणीच बोललं नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

त्या दुपारी प्यादं सरकलं आणि तात्यासाहेबांचा मिशीवरचा हात थांबला.

"हे काय?"

"प्यादं."

"ते कळलं मला. पण... मास्तर, नीट बघा. घाई नाही."

"बघितलं."

"तुमचा तो घोडा बघा."

"बघितला."

"अहो, माझा राजा बघा की! कोपऱ्यात!" तात्यासाहेबांचं कालव्याचं दार एकदम उघडलं. "माझा हत्ती बघा! डोळे आहेत ना तुम्हाला? चित्रकला शिकवता ना? आंधळ्याला दिसेल अशी चाल आहे!"

"मला दिसली," मास्तर म्हणाले.

"मग खेळत का नाही?"

"नाही खेळणार."

"का?"

"माझी मर्जी!"

"तुमची मर्जी? मी मघापासून राबतोय इथं! तुमचा घोडा घुसला, तेव्हापासून एकेक वीट रचत आणलीय मी! त्या उंटाला वाटेतून काढायला काय काय करावं लागलं, माझं मला माहीत!"

पडद्यानं श्वास घेणं थांबवलं.

"म्हणजे," मास्तर सावकाश म्हणाले, "तुम्ही हरत होतात?"

"तुम्ही काय करत होतात मग? तुमचा वजीर मघापासून माझ्या दारोदार हिंडतोय, भिक्षेकऱ्यासारखा!"

"मीही हरत होतो."

"का?"

"तुम्हाला हरवलं की पत्रिका जमत नाही म्हणून!"

"इचलकरंजीची? अहो, ती खरंच जमत नव्हती हो!" तात्यासाहेब कळवळून म्हणाले. "सगळ्या जिल्ह्यानं माझं नाव खराब केलंय त्या पत्रिकेपायी. उलट आमच्या या चिरंजीवानं मला बजावून आणलंय. म्हणे, 'बाबा, मागच्या वेळी तुम्ही निपाणीकरांना त्यांच्याच घरात धुतलंत, ते अपमान झाला म्हणून उठून गेले. या वेळी हरा. आणि नुसते हरू नका. मुलीच्या वडिलांना वजिराचा बळी देऊन जिंकायची फार हौस आहे, तेवढी पुरवा.' आता तुमच्या हौसेचं याला कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधर पडद्याकडेच पाहत होता. मग सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"वृंदे," मास्तर म्हणाले. "तू यांना हरायला सांगितलंस?"

पडदा किंचित हलला.

"आणि आईकरवी मलाही हरायला लावलंस?"

"हो," पडदा म्हणाला.

"एक बाजू पुरे नव्हती?" वहिनी आतून ओरडल्या. "आम्ही रात्रभर झोपलो नाही इकडे!"

"आई, बाबांचा भरवसा नव्हता," वृंदाचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, ऐनवेळी समोर तो बळी दिसला, तर बाबांना आवरणार नाही. मग माझं काही का होईना. म्हणून तिकडून पण सांगून ठेवलं."

मास्तर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. बराच वेळ पुसला. काचा आधीच स्वच्छ होत्या.

"बाबा," पडद्यामागून पुन्हा आवाज आला, "तुम्हाला खरंच दिसला होता?"

"हो ग."

"आणि नाही दिलात?"

"प्यादं सरकवलं," मास्तर म्हणाले.

यावर पडद्याआड जे काही झालं, ते शिऱ्याच्या ताटलीवर चमचा वाजल्यासारखं ऐकू आलं.

तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "मास्तर, ती चाल परत घ्या."

"नाही. हात सुटला की चाल झाली. मी मंडळात आजवर चाल परत घेतलेली नाही."

"अहो, पोटची पोर देताय आणि एक चाल परत घेववत नाही?" वहिनी.

"पोर मी देत नाहीय, ती तिची तिनं केव्हाच दिलीय," मास्तर म्हणाले. "चाल मात्र माझी आहे."

तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ ते व्याह्याकडे पाहत होते, आता प्रथमच एका खेळाडूकडे पाहत असावेत. त्यांनी हात पुढं केला. मास्तरांचा वजीर अजून त्यांच्या प्याद्याच्या तोंडाशीच होता. क्षणभर वाटलं, खातात. पण त्यांनी अगदी दुसऱ्या टोकाचं एक प्यादं उचललं, एक घर पुढं ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

"माझी चाल झाली. आता तुमची."

मात होती तिथंच होती.

"हा बळी तुम्ही वाढलेला आहे, तात्यासाहेब," मास्तर अडखळत म्हणाले. "हा काही खरा नव्हे."

"मी फक्त जागा करून दिली. चाल मी सांगितली नव्हती. ती तुमची तुम्हाला दिसली. पाणी प्यायला उठलात तेव्हाच मी ओळखलं. तहान लागलेला माणूस असा उठत नाही." आणि मग ते हळूच म्हणाले, "खेळा हो. मलाही बघायचीय. खात्याच्या स्पर्धांत असलं काही होत नाही. तिथं सगळे प्यादी मोजतात."

मास्तरांनी वजीर उचलला. त्या लांब तिरक्या रेषेवरून त्यांनी तो असा नेला, की एखादी रेघ एकाच हातानं, मध्ये न थांबता ओढावी; आणि राजाच्या कुशीत अलगद ठेवला.

"शह."

तात्यासाहेबांनी नाइलाजानं, अगदी मनापासून नाइलाजानं, हत्तीनं वजीर मारला.

मास्तरांचा घोडा उडाला.

तात्यासाहेब पटावर वाकले होते. मी खोकायचं विसरलो होतो. राजा कोपऱ्यात उभा होता, शेजारी त्याचा हत्ती, पुढं त्याची प्यादी, सगळे त्याचेच, कुणाचाच उपयोग नाही. आणि एक सडा घोडा. मास्तरांचा वजीर तात्यासाहेबांच्या मुठीत होता. ती मूठ त्यांनी उघडली नाही.

"सुंदर," तात्यासाहेब म्हणाले.

"हलवू नका," मास्तर कुजबुजले. "कुणी हात लावू नका. असंच राहू दे. हर्डीकर, बघा. वीस वर्षं मी म्हणत होतो ना तुम्हाला, की सौंदर्य म्हणजे... सौंदर्य म्हणजे जे आपल्याजवळ सर्वांत मोठं आहे ते..."

आम्ही सगळे श्वास रोखून पुढचा शब्द ऐकायला थांबलो. तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी बोट लावलं. बावडेकरबाई होत्या.

"भाऊ, तेवढा पट उचलता का जरा?" त्या म्हणाल्या. "मुलगी केव्हाची शिरा घेऊन उभी आहे, बशा ठेवायला जागा नाही."